एका चित्रामागच्या अनेक शिळा

१/ यवतमाळ जिल्ह्यात ‘शकुंतला’ म्हटले की मूर्तिजापूरच्या दिशेने कापूस वाहून नेणारी नॅरोगेज आगगाडी आठवते. मुद्रणाच्या इतिहासात मात्र आणखी एक शकुंतला आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. ‘शकुंतलेचा जन्म’ हे त्यातून बाहेर पडलेले पहिले चित्र. रंग कागदावर उतरवणे किती कठीण होते, हे या छापखान्याच्या कथेतून उमगते.

२/ रविवर्मांची तैलचित्रे राजवाड्यांत होती. ती सामान्यांच्या देवघरात न्यायची, तर स्वस्त रंगीत प्रती हव्या होत्या. अडचण अशी की चित्रकार फलकावर हवे तितके रंग मिसळू शकतो, यंत्र मात्र एका दाबात एकच शाई कागदावर उमटवते.

३/ त्यावरचा उपाय म्हणजे शिळामुद्रण. बव्हेरियातील गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर स्निग्ध खडूने चित्र काढायचे आणि शिळा पाण्याने भिजवायची. पाणी कोऱ्या भागावर राहते, तेलकट शाई फक्त चित्राला चिकटते. रंगीत चित्रासाठी मात्र प्रत्येक रंगाची शिळा स्वतंत्र हवी, आणि तीही उलट्या प्रतिमेची.

४/ मग शकुंतलेची त्वचा कोणत्या रंगांनी घडवायची? पिवळा किती, गुलाबी किती, सावलीत निळसर छटा कुठे? हा निर्णय शिळेवर काम करणारा कारागीर घेई. तो चित्राचे मनातल्या मनात रंगनिहाय विभाजन करी आणि बारीक ठिपक्यांनी छटा उभ्या करी. चित्राखाली नाव रविवर्मांचे असे. घरोघरी पोहोचलेला रंग मात्र बराचसा या अनामिकांचा होता.

५/ पुढची कसोटी जुळणीची. तोच कागद अनेक वेळा यंत्रातून जाई. एखादी शिळा केसभर सरकली, तरी ओठांचा लाल रंग गालावर जाई. त्यातच कागद हवेतील ओलावा शोषून फुगतो. आज छापलेला पिवळा आणि उद्या छापायचा निळा यांच्या दरम्यान कागदाचे मापच बदलून गेलेले असे.

६/ प्रत्येक वाढीव रंग म्हणजे वाढीव शिळा, वाढीव मजुरी, वाढीव वेळ. त्यातच १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढे छापखाना लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलला. चित्रे लोकप्रिय झाली, पण धंदा कर्जात रुतला. अखेर तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला.

७/ याच छापखान्यासाठी काम केलेला एक तरुण १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी जर्मनीला गेला. ते दादासाहेब फाळके. नव्या तिरंगी पद्धतीत रंगांचे विभाजन माणसाऐवजी कॅमेरा करू लागला. लाल, हिरव्या व निळ्या काचेतून चित्राची तीन छायाचित्रे घ्यायची, त्यांचे ब्लॉक बनवायचे आणि ते अनुक्रमे निळसर, किरमिजी व पिवळ्या शाईत छापायचे. अनेक शिळांची जागा तीन ब्लॉकांनी घेतली.

८/ मूळ प्रश्न मात्र सुटला नाही. आजही यवतमाळातल्या एखाद्या मुद्रकाला ग्राहक विचारतो, “मोबाइलवर हिरवा किती झळाळत होता, पत्रिकेवर असा मळकट का?” पडदा प्रकाश फेकतो, शाई प्रकाश शोषते, पडद्यावरचे कित्येक रंग शाईला गाठताच येत नाहीत. म्हणून छापलेला रंग ही मूळ रंगाची हुबेहूब प्रत कधीच नसते. शाई, कागद आणि खर्च यांच्या मर्यादेत कोणीतरी केलेली ती निवड असते.

९/ घरात आजोबांच्या काळातली देवाची तसबीर असेल, तर भिंगातून पाहा. ठिपके एकसारखे, शिस्तीत मांडलेले दिसले, तर विभाजन यंत्राने केले आहे. ते वेडेवाकडे, लहानमोठे असतील, तर बहुधा ती शिळाछाप आहे. त्यातला प्रत्येक ठिपका एका माणसाच्या हाताने ठेवलेला आहे, आणि त्याचे नाव चित्रावर कुठेच नाही.