शिलिंगबाईंचा वायसर

गेल्या दिवाळीत आमच्या पुतण्याने संगणकावर आम्हांस विमानांच्या लढाईचा एक खेळ दाखविला. १९४० सालचे इंग्रजी स्पिटफायर मागे, जर्मन मेसरश्मिट पुढे. पुतण्याने दांडा पुढे रेटून नाक खाली दाबले मात्र, इंजिन फटफटले, काळा धूर निघाला आणि शत्रू निसटला. आम्ही म्हणालो, तुझा खेळ बिघडला. तो म्हणाला, "काका, तेव्हा खरोखरच असे होत असे." फिटर म्हणून हात काळे करून पुढे युनियनच्या कामात पडलेल्या आमच्यासारख्या माणसास ही गोष्ट पोराकडून कळावी, याची थोडी लाज वाटली. मग पुस्तके मिळवून वाचली. तेच आज सांगावयाचे आहे.

भरधाव एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून उंचवटा ओलांडलेल्या प्रत्येकास ऋण गुरुत्वाची ओळख आहे. गाडी खाली जाते, आपण वरच राहतो आणि डोके टपाला लागू पाहते. विमानाचे नाक एकदम खाली दाबले की वैमानिकाचे हेच होते आणि इंजिनातल्या पेट्रोलचेही हेच होते.

स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही विमानांत रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन होते व त्याच्या कार्बुरेटरमध्ये फ्लोट होता. चाळीच्या टाकीतला बॉलकॉक डोळ्यांसमोर आणा. पाणी चढले की गोळा वर येतो आणि तोटी बंद करतो. आता ती टाकी उलटी झाली असे समजा. पेट्रोल छताला जाऊन चिकटते, तळाच्या जेटला नुसती हवा मिळते आणि इंजिन सेकंद-दीड सेकंद गुदमरते. हा पहिला झटका उपासाचा. नाक तसेच दाबून ठेवले तर गोळा तळाशी जातो, तोटी सताड उघडते, पंप जोराने पेट्रोल ओततो आणि इंजिन त्यात बुडून बंद पडते. हा दुसरा झटका अजीर्णाचा, आणि घातक तोच. जे खेळ नुसते 'नाक खाली, इंजिन बंद' एवढेच दाखवितात ते अर्धेच खरे दाखवितात, असे आमचे मत झाले आहे.

जर्मनांच्या डाइम्लर-बेन्झ इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई; त्याला उलटसुलट सारखेच. त्यामुळे पाठलाग झाला की जर्मन वैमानिक सरळ नाक दाबून सूर मारी. इंग्रजाला आधी अर्धी कोलांटी घेऊन मग खाली वळावे लागे, आणि तेवढ्यात समोरचा दूर गेलेला असे. म्हणून रोल्स-रॉइसचे लोक मूर्ख होते असे मात्र नव्हे. कार्बुरेटरमधून जाताना पेट्रोलची वाफ होऊन मिश्रण थंड होई आणि त्यातून जास्त ताकद मिळे. एक मिळविताना दुसरे गमवावे लागले, इतकेच.

फार्नबरोच्या सरकारी विमानसंशोधन केंद्रात १९३६ पासून बिॲट्रिस शिलिंग नावाच्या बाई काम करीत होत्या. खाटकाची ही मुलगी, जन्म १९०९ चा. आधी मार्गारेट पार्ट्रिज या बाईंच्या विजेच्या व्यवसायात उमेदवारी केली, मग मँचेस्टरला इंजिनियरिंग शिकली. ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर तिने ताशी १०० मैलांच्या वर मोटारसायकल पळविली होती. इंजिन कानाने आणि हाताने ओळखणारी ही बाई.

तिने काढलेला उपाय पाहिला तर हसू येते. पेट्रोलच्या वाटेत मध्ये भोक असलेली पितळेची एक टोपी, आणि पुढे तर नुसती चकती. आमच्या कारखान्यात जिला वायसर म्हणतात तसली. भोक इतकेच मोठे की पूर्ण ताकदीला लागेल तेवढे पेट्रोल जावे, अधिक नाही. तोटी सताड उघडली तरी इंजिन बुडणार नाही. आणि मुख्य गोष्ट, ती बसविण्यासाठी विमान कामावरून काढावे लागत नव्हते. यंत्र एक पाळी बंद ठेवायचे म्हटले की साहेबलोकांचा चेहरा कसा होतो हे आम्ही वीस वर्षे पाहिले आहे. तेव्हा या गोष्टीचे मोल आम्हांस विशेष वाटते. थोडे सहकारी घेऊन बाई विमानतळोविमानतळी फिरल्या आणि मार्च १९४१ पर्यंत इंग्लंडच्या सगळ्या लढाऊ तुकड्यांत चकत्या बसल्या.

तारखेकडे लक्ष द्यावे. इंग्लंडवरची ती प्रसिद्ध हवाई लढाई जुलै ते ऑक्टोबर १९४० या काळातली. म्हणजे ज्या वैमानिकांचे पोवाडे गायिले जातात, ते हा दोष पदरात घेऊनच लढले. चकती आली तेव्हा त्यांतले कित्येक जिवंत नव्हते.

वैमानिकांनी कौतुकाने चकतीला नाव दिले 'मिस शिलिंगचे भोक'. त्यातला चावटपणा सांगावयास नको. शिवाय 'मिस' हेही चूकच. जॉर्ज नेलरशी बाईंचे लग्न १९३८ सालीच झाले होते. पुरुषाने चकती केली असती तर असे नाव पडले असते काय, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

चकतीने सारा दोष गेला नाही. उपासाचा पहिला झटका राहिलाच, आणि उलटे होऊन फार वेळ उडणे तेव्हाही जमत नसे. १९४३ पासून दाबावर चालणारे नवे कार्बुरेटर आले तेव्हा फ्लोटच गेला आणि त्याच्याबरोबर चकतीची गरजही. बाई मात्र फार्नबरोलाच राहिल्या, १९६९ साली निवृत्त झाल्या आणि १९९० साली वारल्या.

हे सारे वाचून आम्ही पुतण्याला १९४१ च्या उन्हाळ्यातले विमान निवडावयास सांगितले. त्याने नाक दाबले. इंजिन एकदा खोकले आणि चालू राहिले. "काका, हे का नाही बंद पडले?" त्याने विचारले. मग जेवणे होईपर्यंत आम्ही त्याला बॉलकॉक समजावीत बसलो.