सर्पगंधा : मुळीपासून रेसर्पिनपर्यंत

वनौषधी निसर्गदत्त असल्याने निरुपद्रवी असतात, असा समज ग्रामीण भागात, किंबहुना सुशिक्षितांमध्येही, दृढ आहे. सर्पगंधेच्या मुळीचा इतिहास हा समज तपासून पाहण्यास भाग पाडतो.

सर्पदंश, निद्रानाश आणि उन्माद यांवर ही मुळी परंपरेने दिली जात असे. बिहारमध्ये ती वेडावरचे औषध म्हणूनच प्रसिद्ध होती. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी मुळीच्या चूर्णाने उन्मादाबरोबर रक्तदाबही उतरतो, असे नोंदविले. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी व त्यांच्या सहकाऱ्याने मुळीतील अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांपैकी एकास हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव मिळाले.

निर्णायक टप्पा मात्र मुंबईचा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये बाझेल येथील सीबा कंपनीच्या संशोधकांनी रेसर्पिन हे द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळविले. १९५४ मध्ये अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याचे परिणाम मांडले. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील व क्लाइन दोघेही होते. हे सारे पूर्वजांना ठाऊकच होते, असे म्हणणे सोपे आहे; परंतु रक्तदाब मोजण्याचे साधन हाती येण्यापूर्वी मुळीचा हा गुण आकड्यांत मांडणे कोणासही शक्य नव्हते.

नोंदी ठेवल्या गेल्या म्हणूनच अपायही उघड झाले. रेसर्पिन मज्जापेशींतील नॉरएड्रेनॅलिन, सेरोटोनिन व डोपामिन यांचे साठे रिकामे करते. आराम आणि अपाय दोन्ही याच क्रियेतून उद्भवतात : हृदयाची गती मंदावणे, नाक चोंदणे, सुस्ती, जठरव्रण. काही रुग्णांत तीव्र नैराश्य आढळल्याने औषधाची प्रतिष्ठा घसरली. अलीकडील आढाव्यांनी मात्र या संबंधाविषयी शंका उपस्थित केली आहे. १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’मधून व्यक्त झालेली स्तनकर्करोगाची भीतीही पुढील अभ्यासांत टिकली नाही. म्हणजे परंपरेचे दावे जसे तपासावे लागतात, तसे तिच्यावरील आरोपही.

रेसर्पिनची नेहमीची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत असते. मुळीतील त्याचे प्रमाण मात्र जमीन, हंगाम आणि झाडाचे वय यांनुसार बदलते. जंगलतोड व अतिसंकलन यांमुळे ही वनस्पती विरळ झाली. १९९० मध्ये तिचा समावेश साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. टंचाई आली की भेसळ येते. रावोल्फिया टेट्राफिला या तिच्याच कुळातील झाडाची मुळी तिच्या नावावर खपविली जाते. माढा तालुक्यातील मोडनिंबसारख्या अवर्षणप्रवण भागात दमट जंगलातील ही वनस्पती निसर्गतः वाढत नाही. तिची मुळी येथे यायची ती वाळलेली किंवा चूर्ण होऊनच. त्या चिमूटभर चूर्णात रेसर्पिन किती, हे ना घेणाऱ्यास दिसते ना देणाऱ्यास. आणि घेणारा आधीच रक्तदाबाची गोळी घेत असेल, तर दोहोंचा परिणाम एकत्र होऊन रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतो.