माऊस निवडताना आधी हात पाहा

संगणक घेताना प्रोसेसर, मेमरी आणि पडद्याचा आकार यांची आपण कसून चौकशी करतो. माऊसबाबत मात्र 'कोणताही चालेल' असे म्हणून मोकळे होतो. वस्तुतः दिवसातील सहा-आठ तास आपला हात ज्या वस्तूवर असतो, ती हीच. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६४ मध्ये पहिला माऊस तयार झाला, तेव्हा तो लाकडी ठोकळ्यासारखा होता आणि त्याला एकच बटण होते. आज बाजारात असंख्य प्रकार आहेत. त्यांतून निवड करताना किमतीच्या आणि आकड्यांच्या आधी हाताचा विचार करावा.

आकार आणि पकड

मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे. ते साधारण १७ सेंटीमीटरपेक्षा कमी असल्यास लहान, तर २० सेंटीमीटरच्या आसपास किंवा अधिक असल्यास मोठा माऊस सोयीचा ठरतो. लॅपटॉपच्या पिशवीत मावणारे चपटे माऊस प्रवासात उपयोगी असले, तरी दिवसभर वापरल्यास बोटे आखडतात. संपूर्ण तळहात टेकवण्याची सवय असणाऱ्यांनी उंच पाठीचा, तर केवळ बोटांनी माऊस फिरवणाऱ्यांनी हलका व बुटका माऊस घ्यावा. शक्य असल्यास दुकानात तो हातात धरून पाहावा. मनगट वरच्या बाजूस मुडपत असेल, तर तो आपल्यासाठी नाही.

डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माऊस निवडावा. बटणांची अदलाबदल संगणकाच्या सेटिंगमध्ये करता येते. माऊसचा आकार मात्र बदलता येत नाही.

मनगट दुखत असल्यास

हस्तांदोलन करताना हात जसा असतो, तशा स्थितीत धरायचा उभा माऊस मिळतो. त्यात हाताला पडणारा पीळ कमी होतो. ट्रॅकबॉलमध्ये माऊस जागेवरच राहतो आणि चेंडू बोटांनी फिरवायचा असतो. त्यामुळे अपुऱ्या टेबलावरही तो सोयीचा पडतो. मात्र अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत वारंवार मुंग्या येत असतील, तर मनगटातील नसेवर दाब येत असण्याची शक्यता असते. अशा वेळी नवा माऊस हा उपचार नव्हे. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

डीपीआयचा मोह

माऊस एक इंच सरकल्यावर तो किती टप्पे मोजतो, हे डीपीआय सांगतो. खोक्यावर १६००० असा आकडा पाहून भुलू नये. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर १६०० डीपीआयचा माऊस जेमतेम सव्वा इंच सरकवला, तरी बाण एका कडेपासून दुसऱ्या कडेला पोहोचतो. कार्यालयीन कामाला ८०० ते १६०० पुरेसे आहेत. काचेच्या टेबलावर बहुतेक ऑप्टिकल माऊस अडखळतात. तेथे खाली पॅड घ्यावे.

वायर की वायरलेस?

एकाच जागी काम करणाऱ्यांना वायरचा माऊस स्वस्त पडतो आणि बॅटरीची चिंता राहत नाही. वायरलेसमध्ये दोन प्रकार आहेत. एकाला यूएसबीमध्ये खोचायचा छोटा रिसीव्हर लागतो. तो हरवल्यास बहुधा माऊसही निरुपयोगी ठरतो. दुसरा ब्लूटूथवर चालतो आणि यूएसबीची जागा अडवत नाही. रिसीव्हर असलेला माऊस अधूनमधून अडखळत असेल, तर लगेच तो सदोष समजू नये. यूएसबी ३.० चे उपकरण शेजारी जोडलेले असल्यास त्याचा व्यत्यय २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना होतो. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावल्यास अडचण अनेकदा दूर होते.

खरेदीपूर्वी दोन्ही बटणे आणि चाक फिरवून पाहावे. शांत खोलीत किंवा रात्री काम करणाऱ्यांनी आवाज न करणारी बटणे निवडावीत. वॉरंटीचा कालावधी विचारावा आणि पावती जपून ठेवावी. सरतेशेवटी, काम करताना ज्याची आठवणही होत नाही, तोच माऊस आपल्या हाताला योग्य समजावा.