‘मिशन’ : एक शब्द, अनेक अर्थ

काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात ‘कमिशन’ हा शब्द कोणाही शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. शाळेतील ‘ॲडमिशन’ आणि कचेरीतील ‘परमिशन’ हे शब्दही तसेच अंगवळणी पडलेले आहेत. या तिन्ही शब्दांचे मूळ एकच, ‘मित्तेरे’ हे लॅटिन क्रियापद. त्याचा अर्थ पाठवणे, सोडणे. त्याच कुळातील ‘मिशन’ हे इंग्रजी नाम आपण ख्रिस्ती लोक सर्वांत अधिक वापरतो आणि, माझ्या मते, सर्वांत कमी समजून घेतो.

बोलण्यात मिशन म्हणजे बहुधा एखादी जागा असते. ‘मिशनच्या दवाखान्यात नेले’, ‘मुलगी मिशनच्या शाळेत आहे’ असे आपण म्हणतो. शेजारीपाजारी तर ख्रिस्ती कुटुंबालाच ‘मिशनवाले’ म्हणतात. इंग्रजीतही हा अर्थ आहे, पण तो मागाहून आलेला. पाठवलेली माणसे जेथे राहिली, त्या आवाराला त्यांच्या कार्याचे नाव चिकटले.

दुसरा अर्थ मोहिमेचा. १८९७ साली स्वामी विवेकानंदांनी आपल्या संस्थेला ‘रामकृष्ण मिशन’ हे नाव दिले. शासनाचे ग्रामीण आरोग्य मिशन २००५ साली आणि स्वच्छ भारत मिशन २०१४ साली सुरू झाले. परदेशी वकिलातीलाही मिशन म्हणतात.

ख्रिस्तसभेतील अर्थ याहून जुना आहे. मध्ययुगीन ईशज्ञानात ‘मिस्सियो’ म्हणजे पित्याने पुत्राला व पवित्र आत्म्याला पाठवणे. धर्मगुरूंना दूरदेशी पाठवण्यासाठी हा शब्द सोळाव्या शतकात येशूसंघीयांमुळे रूढ झाला. मराठी बायबलमधील ‘प्रेषित’ या शब्दाचा अर्थही ‘पाठवलेला’ असाच आहे. १८८७ साली स्थापन झालेला नागपूर धर्मप्रांत ज्यांच्या श्रमांवर उभा राहिला, ते आन्सी येथील संत फ्रान्सिस डी सेल्सचे मिशनरी याच अर्थाने मिशनरी होते.

आपल्या भागात या शब्दाला संशयाचीही छटा आहे. काटोल मध्य प्रदेशात आणि नागपूर त्या राज्याची राजधानी असताना, १९५४ साली, राज्य सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५६ च्या तिच्या अहवालानंतर ‘मिशनरी’ म्हणजे धर्मांतर करणारा, हा अर्थ पुष्कळांच्या मनात घट्ट बसला. ‘मिशन म्हणजे काय?’ असे शेजाऱ्याने विचारले, तर शाळा व दवाखान्याकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही, ती यामुळेच.

उत्तर आपल्या प्रार्थनेतच आहे. लॅटिन मिस्साविधीच्या शेवटी धर्मगुरू ‘ईते, मिस्सा एस्त’ म्हणतात : जा, निरोप दिला आहे. ‘मिस्सा’ हे नाव या निरोपावरूनच पडले. निरोपाच्या या शब्दात पाठवणीचाही अर्थ दडलेला आहे, हे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली एका प्रबोधनपत्रात विशेषत्वाने मांडले. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने तर १९६५ सालीच ख्रिस्तसभा स्वभावतः मिशनरी असल्याचे म्हटले होते. म्हणजे पाठवणी केवळ फादर-सिस्टरांची नव्हे. लिझ्यूची संत तेरेजा हिने मठात प्रवेश केल्यावर मठ कधी सोडला नाही, तरीही १९२७ साली तिला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने मिशनकार्याची आश्रयदाती घोषित करण्यात आले.

राहिला ‘मिशन संडे’. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली सुरू केलेला हा दिवस ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी येतो. त्या दिवशीचे दान धर्मग्रामात न राहता जगभरातील गरजू धर्मप्रांतांसाठी पाठवले जाते.