शब्दवेध : विसावा

संस्कृतातला ‘विश्राम’ प्राकृतात ‘विस्साम’ झाला आणि मराठीत येताना ‘म’चा ‘व’ होऊन ‘विसावा’ बनला. जसे ‘ग्राम’चे गाव, ‘नाम’चे नाव. वारीत पालखी वाटेवर थांबते, तोही विसावाच. थांबायचे, पण पुढे चालण्यासाठी.

मराठी बायबलमध्ये मत्तयाच्या 11व्या अध्यायात येशू थकल्याभागल्यांना जे देऊ करतो, त्यालाही हाच शब्द आहे. प्रवराकाठच्या कोल्हारसारख्या गावात, जिथे डोक्यावरचा भारा बांधावर टेकवणे रोजचे, तिथल्या ख्रिस्ती भाविकाला तो समजावून द्यावा लागत नाही. ‘शांती’ हा शब्दही सुंदर खरा. पण ‘विसावा’ म्हणताना आधीचे कष्ट मान्य केलेले असतात, म्हणून संकटात तो अधिक जवळचा वाटतो.

थांबून पुन्हा पुढे चालणे कसे असते, याची एक गोष्ट याच भागातली. कोल्हारहून नगरकडे निघाले की राहुरी लागते. कवी नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तिथे राहिले होते. 1895मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला; लक्ष्मीबाईंची ती वर्षे फार हालाची गेली. पुढे त्यांनीही ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली, आणि ती मनापासून. 1919मध्ये टिळक गेले, येशूच्या जीवनावरचे त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले.

ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.