अक्षराचे वळण

मराठीत ‘वळण’ हा शब्द हस्ताक्षरालाही लावतात आणि माणसाच्या रीतीभातीलाही. ज्या घराण्यांची उपजीविका लेखणीवर चाले, त्या घरांतील मुलाला ही दोन्ही वळणे एकाच बैठकीत लागत; म्हणून हा योगायोग निव्वळ शब्दांचा मानता येत नाही.

मोडी लिपीच्या अभ्यासकांनी पेशवाईतील लेखनाची काही वळणे नोंदवली आहेत: चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी. ही नावे गावांची वा प्रांतांची नव्हेत. कुठे दरकावरून, कुठे व्यक्तीवरून, तर कुठे आडनावावरून ती पडली. सोन्यानाण्यासारखे अक्षरही घराण्याच्या नावावर चढत असे, याचा याहून बोलका पुरावा नाही.

यांतील चिटणिशी वळण ऐकताच बाळाजी आवजींचे नाव आठवते. शिवाजी महाराजांचे ते चिटणीस. पत्र लिहायला सवड न मिळाल्याने त्यांनी कोऱ्या कागदावरूनच मजकूर अस्खलित वाचून दाखवला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, चिटणिसाकडून काय अपेक्षा असे ते तिच्यावरून कळते: नुसती बोटे वळून भागत नसे, राज्यकर्त्याच्या मनातील वाक्य आधी लेखकाच्या मनात उमटावे लागे. 1681 साली कटाच्या आरोपावरून संभाजी महाराजांनी बाळाजींना देहान्त शासन केले. तरीही त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ याच गादीच्या सेवेत राहिले. पुढे राजाराम महाराजांच्या आणि शाहू महाराजांच्या कारकिर्दीतही त्यांनी निष्ठेने काम केले. पित्याचा असा अंत पाहूनही ज्या पुत्राने लेखणी खाली ठेवली नाही, त्याच्या मनात काय चालले असेल हे कोणताही कागद सांगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी याच घराण्यातील मल्हार रामराव चिटणीस साताऱ्यास बखरी लिहीत होते.

हे वळण लावण्याची रीत मोठी खडतर होती. आधी धुळाक्षरे, मग कित्ता, मग तोच कित्ता पुन्हा पुन्हा गिरवणे. बोरू तासण्यापासून शिक्षण सुरू होई, कारण टोकाचा काप किंचित चुकला तरी अक्षराची जाडी बिघडते. काजळ आणि डिंक घोटून शाई करायची. मोडी लिहिताना कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आधी आडवी रेघ ओढायची आणि अक्षरे तिला लोंबत ठेवीत जायची. हात शक्य तो उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत पाळत नसत आणि दोन शब्दांत जागाही सोडत नसत. त्यामुळे वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याच्या हाताची ओळख असावीच लागे. ती ओळख घरात, वडीलधाऱ्यांच्या मांडीशेजारी बसून होई.

बाळबोध लेखनाकडेही तेवढ्याच काटेकोरपणे पाहिले जाई. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनालाच वाहिला आहे. त्यातील उपदेश अगदी व्यवहारी आहे. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सारे लेखन एकाच लेखणीचे वाटावे; भोवती समास सोडावा, म्हणजे कागदाची कड झिजली तरी अक्षराला धक्का लागणार नाही; आणि अक्षर फार बारीक काढू नये, कारण तरुणपणी जे सहज वाचता येते ते म्हातारपणी उपयोगी पडत नाही. आपल्या अक्षराकडे पुढे कोणाचे डोळे लागणार, याचा एवढा विचार फार थोड्या ग्रंथांत सापडेल.

या परंपरेचे कौतुक करताना एक गोष्ट लपवू नये. हा वारसा मूठभर जातींच्या घरांत कोंडलेला होता, आणि त्या घरांतही बहुधा मुलांनाच मिळे, मुलींना नाही. 1848 साली जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा ही कोंडी फुटू लागली.

छापखाना आला, टंकलेखन यंत्र आले, सरकारी कामात बाळबोध स्थिरावली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतूनही गेली. सुंदर अक्षर तर घरोघर पुढेही चालत राहिले. तुटली ती वाचणाऱ्यांची परंपरा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेल्या कागदांचे 45 खंड 1930 नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले, तरी तो दफ्तराचा अल्पसा अंश होय. त्याआधी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगावच्या जुन्या वाड्यांतून असे कागद मिळवले होते आणि 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला होता. दूर तंजावरलाही भोसले राजांच्या दरबारातील मोडी कागद आहेत. तेथे तर भोवतालची भाषाही वेगळी.

महाराष्ट्राच्या पुराभिलेख खात्यातर्फे आता मोडीचे वर्ग चालवले जातात. जमिनीचा निवाडा, वाटणीपत्र, इनामाची सनद असे घरच्या पेटीतले कागद ज्यांच्याकडे उरले आहेत, त्यांना ते वाचायचे तर ही लिपी पहिल्यापासून शिकावी लागते. पणजोबांच्या हाताला जे वळण होते ते डोळ्यांना ओळखीचे व्हावे, म्हणून प्रौढ माणसे वहीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग एकेक अक्षर गिरवू लागतात.