सीन साधाच, तरी पोटात गोळा! आवाजाने टेन्शन कसं तयार होतं?

मागच्या दिवाळीत मी फोनवर चार मिनिटांची हॉरर शॉर्टफिल्म केली. हेडफोन लावून एडिट करताना माझी मलाच भीती वाटत होती. मग घरच्यांना फोनच्या स्पीकरवर दाखवली, तर भाऊ म्हणाला, "आवाज म्यूट आहे का?" तेव्हा कुठे मी साउंड डिझाइनच्या मागे लागलो.

टेन्शनचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे क्रिस्टोफर नोलनचा 'डंकर्क' (2017). त्यात संगीतकार हान्स झिमरने शेपर्ड टोन वापरलाय. रॉजर शेपर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1964 मध्ये दाखवून दिलेला हा कानाचा भ्रम. समजा, मंद्र, मध्य आणि तार अशा तिन्ही सप्तकांतला 'सा' एकदम लावला आणि तिन्ही स्वर सोबतच हळूहळू वर चढवत नेले. सगळ्यात वरचा चढता चढता बारीक होत विरून जातो आणि त्याच वेळी खालून नवा स्वर गुपचूप आत येतो. कानाला वाटतं, आवाज चढतोच आहे! खरं तर तो फिरून तिथेच येतो. जिना संपत नाही, आणि आपण शेवटच्या पायरीची वाट बघत श्वास रोखून बसतो. याच सिनेमात घड्याळाची टिकटिकही आहे, ती नोलनच्या स्वतःच्या घड्याळाची.

याच्या अगदी उलट 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (2007). त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे दाराबाहेरची पावलंसुद्धा अंगावर येतात. मला हा प्रकार जास्त आवडतो. स्वस्तही पडतो!

आता माझी चूक. सगळी भीती मी 40 हर्ट्झच्या घरघरीवर उभी केली होती. इतका खालचा आवाज काढायला स्पीकरला भरपूर हवा ढकलावी लागते, आणि फोनचा स्पीकर जेमतेम नखाएवढा. त्यामुळे ती घरघर तिथे वाजतच नव्हती.

उपाय असा: घरघर 80 हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि तिला थोडं डिस्टॉर्शन द्या. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हा इफेक्ट आहे. त्याने 80 च्या पटीतले वरचे स्वर तयार होतात, म्हणजे 240, 400 वगैरे. यातले वरचे स्वर फोन वाजवू शकतो, आणि त्यांच्यावरून मेंदू न वाजलेला खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. फायनल करण्याआधी हेडफोन काढून एकदा ऐकाच.

शांतता हवी असेल तर आवाज थेट शून्यावर नेऊ नका, बघणाऱ्याला व्हिडिओ बिघडल्यासारखा वाटतो. शूटिंगच्या खोलीतली नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ती खाली पसरवा. वर रातकिडे चालू ठेवा आणि ऐन वेळी फक्त तेच बंद करा. रेकॉर्डिंगआधी फोन फ्लाइट मोडवर टाका. माझ्या सगळ्यात चांगल्या टेकमध्ये ओटीपीचा मेसेज वाजलाय.